नेटचे आणे

२४ फेब्रुवारी

केलं. करायला नको होतं, पण केलं!

कुंदनच्या फुलांच्या शेडात, क्रेटच्या थप्पीमागं, आमचा जुना फोन लपवून आलो. चार्जर खोचला, त्याच्याच घरच्या नेटला जोडला (पासवर्ड त्यानीच दिलेला, दोस्त म्हणून) आणि व्हिडिओ लावून दिले. एक संपला की दुसरा. आवाज बंद. बघणारं कोणी नाय, पण नेट गटागटा पितोय!

का केलं ते लिहून ठेवतो. फोनात लिहिलं असतं, पण घरातले सगळे फोन माझा थोरला भाऊ महेशदादा चाळतो. वहीला हात लावत नाय तो, शाळेपासून.

आमच्या मळ्यात रेंज नाय. घरं नदीच्या खोलगटात. म्हणून सगळ्यांनी मिळून एक लाइन घेतली. ती रोडवर फकिरा आबांच्या घरी येते. तिथून छतावरच्या छत्रीनं आमच्या घरी, आमच्याकडून कुंदनच्या घरी. बाकीची घरं आबांच्या पलीकडं, तशीच एकामागं एक. प्रत्येकाकडं एक डबा, म्हणजे राउटर. माझा डबा चालू तर पुढच्याला नेट. माझा बंद तर पुढचा आंधळा.

सुरवातीला जो तो आपलं काम झालं की डबा बंद करायचा. "आपल्या डब्यातून दुसऱ्यानी का प्यायचं?" जसं काय पाटाचं पाणी हाय! अप्पा, म्हणजे माझा बाप, मोटार बंद करतात तसा डबा बंद करून झोपायचे. त्यावरून कुंदनची आई, कलाबाई काकू, खुरपं घेऊन आमच्या दारात आलेली. "नाथाभाऊ, पुन्हा बटण दाबलं तर बोट कापून नेईन!"

मग नेट बसवणारा सुनील म्हणाला, मी यात गुण टाकतो. ज्याच्या डब्यातून दुसऱ्याचं जास्त जाईल त्याला जास्त गुण, आणि गर्दीच्या टायमाला त्याला आधी नेट. आबा म्हणाले, "गुण शाळेत. आपण आणे म्हणू. विहिरीवानी चालवायचं." सामाईक विहिरीत आमचा वाटा चार आणे, कुंदनचा दोन; जेवढे आणे तेवढी पाण्याची बारी, म्हणजे पाळी. तसेच नेटचे आणे. आबा म्हणजे आमच्या मळ्याचं कोर्ट, पोलीस आणि फौजदार.

तेव्हापासून कोणी डबा बंद करत नाय. पण आमच्या पुढं एकटा कुंदन! तो वापरतोच किती? आम्हाला आणे येणार कुठून? संध्याकाळी मी गेम लावला की मरतो. शत्रूच्या गोळीनं नाय, नेट अडकून!

म्हणून कुंदनला जरा जास्त पाजलं. पाजणारा मी, दिसणार तो, आणि आणे आमच्या घरी. डोकं हाय का नाय? बारावी नापास झालो तर काय झालं!

२६ फेब्रुवारी

चालतंय!! आज तिघांची डोकी उडवली एका दमात. गेममध्ये.

दादापण खूष. विंचूरहून कांद्याची गाडी खाली करून आला, क्रिकेट लावलं, एकदापण गोल फिरलं नाय. म्हणाला, "रव्या, नेटला काय आज तुझ्या बापानी तूप पाजलं का?" म्हणालो, तुझापण बाप तोच हाय. लाथ बसली. प्रेमाची, पण दादाची प्रेमाची लाथपण दोन दिवस दुखते. हात-पाय म्हणजे ट्रकचे जॅक!

तिकडं आबांच्या पलीकडं बोंबाबोंब. आबांची सून शुभांगी वहिनी तिकडं वेगळी राहते, ऑनलाइन क्लास घेते पोरांचे. तिचं तोंड उघडं राहिलं आणि स्क्रीन तशीच थिजली. पोरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मी पण पुढं पाठवला. लय हसलो.

२८ फेब्रुवारी

कोणीतरी कुंदनच्या छत्रीवर दगड मारला.

सगळ्यांच्या मोबाइलवर दिसतं ना, कोण किती ओढतो. कुंदन सगळ्यात वर. नाव पडलं "अजगर". रोडनी चालला तरी मागून आवाज, "अजगर आला, नेट लपवा!" आवाज काढणारा पयला मीच. नायतर संशय आला असता.

कुंदन छतावर चढून छत्री सरळ करत होता तर दुसरा दगड आला. कानाला लागला. खाली उतरला तेव्हा मानेवरून रक्त शर्टात चाललेलं. मला म्हणाला, "रव्या, मी काहीच बघत नाय रे एवढं. कुठं जातंय कळंना." मी म्हणालो, "डबा गरम होत आसंल." डबा गरम! काय पण सुचतं मला.

फोन काढून आणणार होतो. पण शेडात काकू झेंडूच्या पाट्या धूत होती. पाडव्याला झेंडू काढायचाय ना त्यांना. सगळं वर्ष त्या एका दिवसावर.

उद्या काढतो.

१ मार्च

नाय काढला. आज मॅच होती.

२ मार्च

होळी.

होळी पेटली. बोंब मारायची तर कोणाच्या नावानी? आमच्याकडं पद्धत हाय, वर्षभर ज्याचा राग त्याच्या नावानी बोंब, आणि त्यानी हसून ऐकायचं. दरवर्षी अप्पांच्या नावानी असते. यंदा मी ओरडलो, "कुंदन्याच्या नावानं—" आणि सगळा मळा बोंबलला. शुभांगी वहिनीपण! तिथवर ठीक होतं. कुंदन हसतपण होता, खोटं खोटं.

मग दादा ओरडला, "फुकट्या! आईला पण विकून नेट पिशील!"

कुंदन होळीवरून उडी मारून आला. खरंच, जाळावरून! दादाच्या नाकावर डोकं आपटलं. असा आवाज कधी ऐकला नव्हता, ओली काडी मोडल्यासारखा. दादाचं तोंड रक्तानी भरलं. दादानी जळतं लाकूड उचललं आणि कुंदनच्या हातावर दाबलं. दाबलं म्हणजे धरूनच ठेवलं! वास आला. कुंदननी त्याच हातानी दादाचा गळा धरला. दोघं राखेत लोळतायत, बाया किंचाळतायत, आबा काठीनी दोघांना हाणतायत, जो वर येईल त्याला.

माझी बहीण निकिता होळीला पाणी फिरवायला कळशी घेऊन आलेली. सगळी कळशी दोघांवर ओतली. तेव्हा सुटले.

निकी माझ्याकडं बघून म्हणाली, "पयली बोंब तूच मारली ना?"

३ मार्च

दादाचं नाक वांगं झालंय. आई शेकते आणि शिव्या देते. म्हणतो, "त्याला विहिरीत उलटा टांगीन." गमतीत बोलत नाय तो.

५ मार्च

विहिरीवर बैठक. मी लघवीला दोनदा जाऊन आलो आधीच.

आबा थारोळ्याच्या, विहिरीचं पाणी पडतं त्या टाक्याच्या, कठड्यावर बसले. म्हणाले, "डोकी फोडून निकाल लागत नाय. सुनीलला बोलवा. त्याच्या लॅपटॉपात सगळं दिसतं, कोणत्या घरातून कोणत्या घरात जातं, कोणत्या फोनातून, किती वाजता. सगळ्यांचे डबे उघडा. दूध का दूध."

आमच्या जुन्या फोनला अजून माझंच नाव हाय. दादा तिथंच माझा मुडदा पाडणार. पाय पळायला लागलेले, मीच धरून ठेवले.

आणि कुंदन उठला. हाताला फडकं बांधलेलं. म्हणाला, "सुनीलला बोलवू नका. मीच ओढत होतो. पिक्चर उतरवून विकत होतो."

कोण? कुंदन? त्याला वायरचा प्लग उलटा-सुलटा कळत नाय! येडा झालाय का हा? न केलेलं कबूल करतो?

आबांनी फेटा नीट केला. मग म्हणाले, "पाणी चोरलं तर बारी बंद, हा बापजाद्यांचा नियम. नेट विहिरीवानी चालवायचं ठरलंय. म्हणजे नेट बंद, आणि पाण्याची बारीपण बंद. पाडवा होईपर्यंत."

कलाबाई काकू मधीच घुसली. "नेटचं नेटला ठेवा ना आबा! माझ्या झेंडूनी कधी तुमचा मोबाइल बघितला? पाडव्यापर्यंत पाणी नाय तर मी काय काटक्या विकू?"

"नियम नियम हाय, कलाबाई."

"मग घाला तुमच्या नियमाला पाणी!" म्हणून तिनी जोडा काढून आबांवर फेकला. आबांच्या फेट्याला लागला. दादा पुढं झाला, तिचा दंड पिरगाळला. पिरगाळतच राहिला. साठीची बाई! कुंदन उठायला गेला तर चौघांनी त्याला मातीत दाबला, तोंड खाली.

मी एक शब्द बोललो असतो तर थांबलं असतं. एकच.

वाचलो असं वाटलं आधी.

६ मार्च

फोन काढून आणला. अजून चालूच होता, नेट तुटल्यामुळं केक बनवणारी कोणती तरी बाई तशीच थिजलेली. दगडावर ठेवून दगडानी चेचला. चेचताना बरं वाटलं. मग नाय वाटलं.

कुंदनची बारी आता कोणाकडं? आमच्याकडं! अप्पा आनंदात. गोठ्यात म्हणाले, "कांद्याला एक पाणी जास्त बसंल." मी म्हणालो, "अप्पा, काकूला थोडं सोडू. झेंडूनी माना टाकल्यात."

कासरा होता हातात. त्यानीच पाठीवर ओढला. "आपल्यातले नाय ते आणि तुला पुळका?"

वळ मोजायला आरसा नाय पुरत.

८ मार्च

रंगपंचमी. आज जे झालं ते आधी लिहितो, बाकी मग.

सकाळी सगळा मळा नाशकात गेला, रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारायला. दादा सगळ्यात पुढं. मी म्हणालो पोट दुखतंय. सगळे गेल्यावर मोटार चालू केली आणि आमच्या पाटाचं तोंड कुंदनच्या झेंडूकडं फोडलं. मीच! फावड्यानी. पाणी असं पळालं, जशी तहानलेली कुत्री पळतात. कुंदन शेतातच होता. माझ्याकडं बघितलं, फावडं घेतलं आणि सरीसरीतून पाणी फिरवायला लागला. एकाच हातानी. दुसरा होळीत भाजलेला.

मला वाटलं, चला, फिटलं थोडं.

दादा लवकर आला. अंगभर रंग, कानात रंग, दारू नाय पण त्याच्यापेक्षा वाईट काहीतरी डोक्यात. पाटाच्या कडेनी आला. मी मोटारीच्या खोलीत. दारातून सगळं दिसत होतं.

"अजगर आता पाणीपण प्यायला लागला!"

कुंदन म्हणाला, "महेशभाऊ, झाडं मेली असती." एवढंच. कोणी तोंड फोडलं पाटाचं ते नाय सांगितलं.

दादानी त्याच्याच हातातलं फावडं ओढलं. दांड्यानी मारला. पयला गुडघ्यावर, म्हणजे पळता येऊ नये. मग फटके मोजायचेच नव्हते. कुंदननी चांगला हात डोक्यावर धरला तर बोटांवर. बोटं वाकडी झाली, अशी, उलटी. मग दांड्याचं टोक डोळ्याकडं. कुंदन पाण्यातच पडला, त्याच्याच सरीत, आणि पाणी लाल होऊन झेंडूला जात होतं. दादाच्या अंगावरचा रंग कोणता आणि ते कोणतं, कळत नव्हतं.

मी खोलीतच. दार आतून धरून.

निकी नाशकाला गेली नव्हती, ती धावत आली. डोक्यावरची पाटी तशीच फेकली. दादाच्या पाठीवर चढली! नखांनी त्याचं तोंड ओरबाडलं. "सोड! मरंल तो! सोड त्याला, राक्षसा!" दादानी तिला अशी झटकली की ती बांधावर आपटली, हनुवटी फुटली. तरी उठली आणि पुन्हा मधी. आपली निकी, जी झुरळाला घाबरते!

दादा दमला म्हणून थांबला. नायतर थांबला नसता.

९ मार्च

कुंदन सिव्हिलला. पोलिसांना म्हणाला, मोटारीच्या पट्ट्यात हात गेला, पडलो. डोळासुद्धा पट्ट्यानीच गेला म्हणे.

हवालदारानी लिहून घेतलं.

११ मार्च

गेलो. सिव्हिलला. सफरचंदं नेली, त्याला चावता येत नाय हे मला सुचलंच नाय.

डाव्या डोळ्यावर पट्टी. हाताचं पांढरं बोचकं. काकू खाली चहा आणायला गेलेली. मी सगळं बोलून टाकलं. फोन, क्रेटची थप्पी, व्हिडिओ, पयली बोंब, अजगर, पाट. रडत होतो वाटतं, कारण शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "वारला का कोण?"

कुंदन म्हणाला, "माहीत हाय मला. शेडात फोन बघितला होता मी."

"मग? मग तू का कबूल झालास? सांगायचं ना, रव्याचा फोन हाय! सुनीलनी डबा उघडला असता की मी सापडलो असतो!"

त्यानी तोंड भिंतीकडं केलं. तसंच विचारलं, "सुनीलला परत बोलावलंय का कोणी?"

"नाय."

"मग गप बस. तुझ्या बापाची शपथ."

मला वाटलं मला वाचवतोय. माझ्यासारख्यासाठी कोण डोळा देतं?

घरी येताना बसमध्ये ठरवलं. बस्स झालं.

१३ मार्च

आबांना सांगितलं. सगळं नाय, पण बीज टाकलं. म्हणालो, "आबा, उद्या बैठक बोलवा. कुंदन चोर नाय. सुनीलला पण बोलवा, डबे उघडा. खरा चोर कोण ते दाखवतो." आबांनी माझ्याकडं असं बघितलं जसं बैलानी एकदम इंग्रजी बोलावं. म्हणाले, "नक्की?" म्हणालो, नक्की. त्यांनी तिथंच सुनीलला फोन लावला. उद्या सकाळी येतो म्हणाला.

उद्या दादा मला मारणार. मारू दे. हात मोडंल, पाय मोडंल. दात तर मोडणारच. पण काकूला बारी परत मिळंल. झेंडू अजून पुरता मेला नाय, मी बघून आलो. वरच्या कळ्या जिवंत हायेत. पाडव्याला अर्धा तरी निघंल.

घरात सांगितलं फक्त निकीला. हनुवटीला टाके, त्यामुळं तिला नीट बोलता येत नाय. मला वाटलं शाबासकी देईल. तिनी माझी कॉलर धरली आणि भिंतीवर डोकं आपटलं. माझं! पुन्हा आपटलं. "सुनीलला का बोलावलंस? का बोलावलंस रे?"

मग खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडली.

मग सांगितलं.

१४ मार्च

पहाटेच आबांकडं गेलो. म्हणालो, "आबा, गंमत केली. मला काय माहीत नाय. तुम्हाला येडं बनवायचं होतं." आबांनी चपलीनी मारलं, अंगणात सगळ्यांसमोर. शुभांगी वहिनी म्हणाली, "याचं कधी खरं मानायचं नाय." सुनीलला अर्ध्या वाटेतून परत पाठवला. दादा हसला आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. कुंदन चोरच राहिला. त्याची बारी बंदच. काकूनी वाळलेला झेंडू उपटायला घेतलाय.

सुनीलनी डबे उघडले असते तर माझा फोन दिसला असता. त्याच्याखाली रोज दुपारचं आमच्या घरातून कुंदनच्या घरात जाणारं अजून एक दिसलं असतं. निकीचा फोन. वर्षभर. दादानी तिचं सिम काढून घेतलंय, तिला डब्याशिवाय काही नव्हतं. नुसतं 'मीच चोर' म्हणालो असतो तरी आबांनी विचारलं असतं, मग कुंदन का कबूल झाला, आणि डबे उघडलेच असते. कुंदननी डोळा माझ्यासाठी नाय दिला.

दादाला कळलं तर विहिरीतून दोघं काढावे लागतील. जो कोण हे वाचतोय, तुझ्या पाया पडतो, मला काय म्हणायचं ते म्हण, पण हे कोणाला सांगू नको. कोणालाच नको. कलाबाई काकूलापण नको.

सांगू नको रे.